कोळ्यावरचा आळ आणि एका किड्याचे नाव

पावसाळा सुरू झाला की आमच्या टेंभुर्णीत दिवे लागताच किड्यांची झुंबड उडते. मशिदीच्या वजूखान्यावरची ट्यूबलाइट असो, किराणा दुकानाचा बल्ब असो की घरापुढच्या ओट्यावरचा दिवा असो. उजेड दिसला की किडे हजर. मगरिबची नमाज झाली की गल्लीतल्या मुली ओट्यावर सिपारा घेऊन बसतात, त्यानंतर शाळेचा अभ्यास. एका हाताने पान उलटायचे आणि दुसऱ्या हाताने मानेवरचा किडा झटकायचा, हे आमच्याकडे इतके रोजचे आहे की त्याकडे कोणी लक्षही देत नाही.

आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी अशीच अभ्यासाला बसली होती. मानेवर काहीतरी वळवळले, तिने हाताने चोळून टाकले आणि विसरून गेली. रात्री काही त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेला आग सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर बोटभर रुंदीचा लाल पट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड. तेलाचा थेंब उडून भाजावे तसे.

दादीने पाहताक्षणी निकाल दिला, "मकडी मूत गई!" शेजारच्या काकू म्हणाल्या, "नाही हो, ही नागीण आहे. दोन्ही टोके जुळायच्या आत काव लावा." तिसऱ्या कोणी टूथपेस्ट सुचवली. नागिणीची टोके जुळली तर माणूस दगावतो, हा समज आमच्या भागात आजही पक्का आहे. त्यामुळे आई घाबरली, मुलगी तिच्याहून घाबरली. काव लागली, झाडा झाला आणि मुलीची शाळा बुडाली.

चार दिवस मुलगी दिसली नाही म्हणून आम्ही घरी चौकशीला गेलो. पट्टा पाहिला आणि सहज ओट्यावरचा दिवा पाहिला. ट्यूबलाइटखाली सकाळी झाडून कोपऱ्यात लोटलेला मेलेल्या किड्यांचा ढीग होता. कागदावर तो पसरून काडीने चाळू लागलो. पाखरे, तुडतुडे, पंखांच्या मुंग्या, आणि त्यांच्यात आम्हांला हवा होता तो सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा लांब, पण त्याहून बारीक. डोके काळे, छाती नारिंगी, पाठीवर निळसर चमकणारे दोन आखूड तुकडे, पोट पुन्हा नारिंगी आणि शेपटीचे टोक काळे. दादीला दाखवून म्हटले, "दादी, हा पाहा तुमचा गुन्हेगार. मकडी निर्दोष आहे."

दादी हसल्या, पण त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्या म्हणाल्या, "अच्छा, तो इस का नाम क्या है?"

नाव नसलेला ओळखीचा

विचार करा, आपण उर्दूत आणि दखनीत त्याला कीडा म्हणतो, मराठीत किडा म्हणतो. दोन भाषा आणि शब्द एकच, आणि तोही दिव्याभोवती फिरणाऱ्या प्रत्येक जिवाला लागू पडणारा. ज्याला नाव नाही त्याच्यावर कोणी आळ घेत नाही. मग आळ जातो ज्याचे नाव माहीत आहे त्याच्यावर, म्हणजे बिचाऱ्या कोळ्यावर. कुरआन शरीफात ज्याच्या नावाने एक सूरत आहे, गारे सौरच्या दाराशी ज्याने जाळे विणल्याची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो, तो कोळी आपल्या घरात मात्र लघवी करून कातडी जाळणारा ठरला आहे.

विज्ञानात या किड्याला नाव आहे. पेडेरस हे त्याच्या गटाचे नाव, आणि आपल्याकडे सर्रास आढळणारी एक जात म्हणजे पेडेरस फ्युसिपेस. तो चावत नाही आणि त्याला नांगीही नाही. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचे जहाल द्रव्य असते. किडा अंगावरून चालत गेला तर सहसा काही होत नाही. आपण त्याला चिरडले की तो द्रव कातडीवर पसरतो, आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी आग सुरू होते. मध्ये एवढा वेळ जात असल्याने किडा कोणाच्या लक्षात राहत नाही. आपण चोळताना हात जसा ओढला तसा पट्टा उमटतो, म्हणून तो लांबट दिसतो. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत फोड आले तर समोरच्या कातडीवर तसाच दुसरा ठसा उठतो. त्यालाच आपण नागिणीची टोके जुळली म्हणून घाबरतो. खरी नागीण हा वेगळा आजार आहे, तो विषाणूमुळे होतो आणि त्याला वेगळे औषध लागते. दोहोंची गल्लत झाली तर नुकसान रुग्णाचेच.

१९५३ साली इटलीतील संशोधकांनी हे द्रव्य वेगळे करून त्याला पेडेरिन हे नाव दिले. त्याची नेमकी घडण समजून घेण्यासाठी पुढे सुमारे अडीच कोटी किडे गोळा करावे लागले, असे या विषयावरच्या लेखनात नमूद आहे. पुढे २००२ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. हे विष किडा स्वतः तयार करत नाही. मादीच्या अंगात राहणारे सूक्ष्म जिवाणू ते तयार करतात, आणि मादी ते आपल्या अंड्यांना देते. कशासाठी? अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना शिकारी कोळ्यांनी खाऊ नये म्हणून! म्हणजे आपण ज्या कोळ्यावर आळ घेतो, त्याच्यापासूनच पिल्लांना वाचवण्यासाठी हा सारा बंदोबस्त आहे. दादींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ "सुबहानल्लाह" म्हणत राहिल्या.

चुकीच्या नावाने मोठ्या शहाण्या लोकांचीही फसगत होते. जुलै २०२२ मध्ये पूर्व सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या अंगावर असे चट्टे उठले. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर "नैरोबी माशी"ची बातमी झळकली. परदेशातून कुठली तरी माशी आली, अशी भीती पसरली. प्रत्यक्षात तो माशी नसून भुंगेरा आहे, आणि त्याचे भाऊबंद आपल्या शेतांत कायमचे राहतात. नैरोबी हे नाव पूर्व आफ्रिकेतल्या जातींवरून पडले आणि ते सगळ्यांना चिकटले.

सदरीवाला

मुलगी बरी होऊन शाळेत आली तेव्हा आम्ही तो मेलेला किडा काडेपेटीत घालून वर्गात नेला. भिंगातून मुलांनी पाळीपाळीने पाहिला. भुंगेऱ्याच्या पाठीवर कडक ढाल असते आणि ती साधारण सगळे पोट झाकते, हे मुलांना शेणकिड्यावरून ठाऊक होते. या किड्याची ढाल मात्र अर्ध्यातच संपलेली आणि अर्ध्याहून जास्त पोट उघडे. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "सर, याने तर सदरी घातलीय!" कुर्त्यावर घालतो ती बिनबाह्यांची आखूड सदरी. वर्ग हसला आणि आमच्या शाळेपुरते किड्याचे नामकरण होऊन गेले, सदरीवाला.

मुलाने जे पाहिले तेच शास्त्रज्ञांनीही पाहिले आहे. आखूड ढालीचे हे सारे भुंगेरे एका मोठ्या कुटुंबात मोडतात. त्याचे शास्त्रीय नाव स्टॅफिलिनिडी. इंग्रजीत त्यांना रोव्ह बीटल, म्हणजे भटके भुंगेरे म्हणतात. या एकट्या कुटुंबातल्या साठ हजारांहून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे. त्यांतल्या फार थोड्या जातींत पेडेरिनचे विष आहे. बाकीचे माणसाला काहीच त्रास देत नाहीत. उलट मावा, तुडतुडे, शेणातल्या माश्यांच्या अळ्या हे त्यांचे खाणे. स्वतः पेडेरसही शेतात मावा आणि तुडतुडे खातो. आमच्या जाफराबाद तालुक्यात भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट घेणारे शेतकरी ज्या मित्रकिडींबद्दल ऐकतात, त्यांत हाही एक आहे. ओट्यावर त्रास देणारा शेतात राखणदार असतो.

सदरीखाली आणखी एक करामत आहे. एवढ्याशा आखूड ढालीखाली उडण्याचे लांब, पातळ पंख घडी करून ठेवलेले असतात. जपानच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०१४ साली दाखवले की डाव्या आणि उजव्या पंखाची घडी एकसारखी नसते. एक पंख दुसऱ्यावर ठेवून दोन्ही एकदम दुमडले जातात. पोटाचा हलका रेटा देऊन किडा ही घडी घालतो आणि उडताना क्षणात उघडतो. आपल्याला घरची छत्री नीट मिटत नाही!

सगळ्यांना नावे दिली आहेत का?

हे सगळे सांगून झाल्यावर त्या मुलीनेच विचारले, "सर, सगळ्या किड्यांना नावे दिली आहेत का?" प्रश्न लहान आहे पण उत्तर लांबचे आहे. नाही, दिलेली नाहीत. दरवर्षी नव्या जाती सापडतात, आणि भटक्या भुंगेऱ्यांच्या कितीतरी नव्या जाती डोंगरांवर सापडतात.

डोंगरावरच का? त्याचे कारण समजायला अवघड नाही. डोंगरमाथ्यावर थंड, ओल्या जंगलात पालापाचोळ्याचा जाड थर असतो. त्यात राहणाऱ्या भुंगेऱ्याला खायला आणि लपायला तिथेच मिळते. त्याला उडायची गरज उरत नाही, आणि हजारो पिढ्यांत पुष्कळ जातींचे पंख आखडून गेले आहेत. आता अशा भुंगेऱ्याला खालची उष्ण, कोरडी दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर जाता येत नाही. समुद्रात बेट असावे तसा त्याचा डोंगर. या डोंगरावरचे आणि त्या डोंगरावरचे एकमेकांना भेटतच नाहीत, आणि काळ लोटला की दोघे वेगवेगळ्या जाती होऊन बसतात. म्हणून हिमालय, निलगिरी, सह्याद्री अशा रांगांत शिखरागणिक वेगळी जात मिळू शकते. आणि म्हणूनच एका डोंगराचे जंगल गेले तर एखादी अख्खी जात जाऊ शकते. तिला दुसरीकडे घरच नसते.

नवी जात सापडली असे म्हणायचे कधी? आपल्याला वाटते, कोणी तरी जंगलात गेला, नवा किडा दिसला, नाव दिले, झाले. तसे नसते. आम्ही हे काम मुलांना पायरी-पायरीने फळ्यावर समजावले, तेच इथे सांगतो.

पहिली पायरी गोळा करण्याची. संशोधक पालापाचोळा मोठ्या चाळणीतून चाळतात, आपल्या घरी गहू चाळावेत तसा. खाली पडलेला बारीक चुरा नरसाळ्यात घालून वर दिवा लावतात. उष्णतेने घाबरून किडे खाली सरकतात आणि खालच्या बाटलीत पडतात.

दुसरी पायरी चिठ्ठीची. कोणत्या गावाजवळ, कोणत्या डोंगरावर, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणी पकडला, हे बारीक अक्षरांत लिहून किड्यासोबत ठेवतात. चिठ्ठी हरवली तर किड्याची किंमत शून्य. लहान भुंगेऱ्याला टाचणी टोचता येत नाही, म्हणून तो कागदाच्या कपच्यावर डिंकाने चिकटवतात आणि टाचणी कागदाला टोचतात.

तिसरी पायरी सर्वांत कष्टाची, तुलनेची. हा खरोखर नवा आहे की दीडशे वर्षांपूर्वी कोणी त्याला नाव देऊन ठेवले आहे? जुनी वर्णने लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा अनेक भाषांत विखुरलेली. भारतातल्या भटक्या भुंगेऱ्यांसाठी आजही एक जुना ग्रंथ उघडावा लागतो. माल्कम कॅमेरॉन नावाचे ब्रिटिश नौदलातले डॉक्टर होते. भुंगेऱ्यांच्या नादाने त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या या कुटुंबावर १९३० ते १९३९ या काळात अनेक खंड लिहिले. त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. म्हणजे आपल्या डोंगरांतल्या कितीतरी किड्यांचे मूळ नमुने पाहायचे तर लंडनचे कपाट उघडावे लागते.

चौथी पायरी सूक्ष्मदर्शकाची. वरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन भुंगेरे आतून वेगळे निघू शकतात. नराच्या पोटाच्या टोकातला प्रजननाचा अवयव प्रत्येक जातीत वेगळ्या घडणीचा असतो, कुलपागणिक किल्ली वेगळी असावी तसा. तो केसाएवढ्या सुईने बाहेर काढून त्याचे चित्र काढतात. शिवाय मिलिमीटरच्या अंशात डोके, छाती, ढाल यांची मापे घेतात आणि हल्ली डीएनएही तपासतात.

पाचवी पायरी नाव आणि प्रसिद्धी. ज्या एका नमुन्यावर नाव ठरते त्याला मूळ नमुना मानतात. तो कोणत्या संग्रहालयात ठेवला हे जाहीर करावे लागते, म्हणजे उद्या कोणालाही जाऊन पडताळता येईल. मग इतर जाणकारांनी तपासलेला लेख नियतकालिकात छापून येतो. त्या दिवसापासून ते नाव जगभर चालते. नाव काय ठेवावे याला मोकळीक असते. जागेवरून, रूपावरून किंवा कोणाच्या सन्मानार्थ ठेवतात. स्वतःचेच नाव द्यायचे नाही, हा मात्र या क्षेत्रातला शिष्टाचार आहे.

दोन शब्दांचे नाव द्यायची ही रीत स्वीडनच्या लिनिअसने घालून दिली. प्राण्यांच्या नावांचा हिशेब त्याच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. तिचा उपयोग काय, हे सांगायला आम्हांला लांब जावे लागले नाही, कारण आमच्या गावाच्या नावातच झाड आहे. टेंभुर्णीच्या झाडाला विदर्भात तेंदू म्हणतात, विड्या वळणाऱ्या घरांत त्याचे पान सगळ्यांना माहीत असते, पण दर प्रांतात नाव वेगळे. डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन म्हटले की तमिळनाडूतल्या आणि जपानमधल्या माणसालाही नेमके तेच झाड कळते. घरची नावे आपल्यासाठी आणि हे नाव सगळ्यांसाठी. दोन्ही हवीत.

कपाटात थांबलेले

या साऱ्या पायऱ्यांना किती वेळ लागतो? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जीव प्रथम गोळा केल्यापासून त्याचे वर्णन छापून येईपर्यंत सरासरी एकवीस वर्षे जातात. एकवीस वर्षांत आमच्या वर्गातली मुले आईबाप होतील.

सर्वांत मोठी वाट पाहणाऱ्यांपैकी एक हा भटका भुंगेराच आहे. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून जगप्रवासाला निघाला तेव्हा १८३२ साली त्याने अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे एक भुंगेरा पकडला. निळ्या-हिरव्या चमकदार डोक्याचा. तो लंडनच्या संग्रहात गेला आणि तिथे हरवल्यासारखा पडून राहिला. अमेरिकेत काम करणारे संशोधक स्टायलियानोस चॅत्झिमानोलिस यांनी संग्रहालयाकडून अभ्यासासाठी मागवलेल्या नमुन्यांत तो त्यांच्या हाती लागला. २०१४ साली, डार्विनच्या जन्मदिनी, १२ फेब्रुवारीला, त्याचे नाव जाहीर झाले: डार्विनिलस सेडारिसी. पकडल्यापासून नावापर्यंत एकशे ब्याऐंशी वर्षे! दुःखाची गोष्ट अशी की या जातीचा आणखी एकच जुना नमुना ठाऊक आहे. ज्या प्रदेशात हे भुंगेरे मिळाले तिथे आता बहुतेक शेती झाली आहे, आणि ही जात आज जिवंत आहे की नाही याचीच शंका आहे. नाव मिळाले, पण कदाचित मालक गेल्यावर.

दुसरी हकीकत आपल्या देशातली आणि डोंगरातलीच आहे. १९४८ साली अँगस हटन नावाच्या निसर्गप्रेमीने तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक फळे खाणारे वटवाघूळ पकडले. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आले, आणि नेहमीच्या एका जातीचे समजून ठेवले गेले. पुढे थायलंडचे कित्ती थाँगलाँग्या यांनी ते नीट तपासले तेव्हा ते सगळ्यांहून निराळे निघाले. १९७२ साली त्यांनी त्याला नाव दिले लॅटिडेन्स सलिमअली, आपल्या डॉ. सालिम अलींच्या सन्मानार्थ.

सालिम अलींची सुरुवात कशी झाली, हे आपल्या घरांतल्या मुलांना जरूर सांगावे. आईवडिलांवाचून मामांच्या घरी, मुंबईत वाढलेला मुलगा. १९०८ च्या सुमारास त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही खाण्याजोगी आहे की नाही, अशी शंका घेऊन तो मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांनी "काहीतरीच काय विचारतोस" म्हणून त्याला हाकलले नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी मुलासमोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्प्यामागून कप्पे उघडले आणि त्याला पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख करून दिली. "हिचे नाव काय?" या एका प्रश्नातून भारताला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला. आम्ही शिक्षक म्हणून या हकीकतीत मामांकडे आणि मिलार्डकडे जास्त पाहतो. दोघांपैकी एकाने जरी मुलाला गप्प बसवले असते तर?

आपला सह्याद्री, आपला अजिंठा

हे सारे दूरदेशी घडते असे समजू नका. २००९ साली आंबोलीच्या कातळसड्यावरून अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या एका भेकाची नवी जात जगासमोर आली. झँथोफ्रायनी टायगरिना हे तिचे नाव. तिच्या वर्णनात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले वरद गिरी यांचा सहभाग होता. तिचे घर म्हणजे तेवढाच डोंगरमाथा. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला इसियस तुकारामी हे नाव मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवत ज्यांनी प्राण दिले, त्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. आमच्या दादींनी ज्याला आरोपी केले त्याच कोळ्याच्या कुळात एका शूराचे नाव अजरामर झाले आहे.

टेंभुर्णीहून उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत. पावसाळ्यात तिथल्या झाडीत, नाल्यांत, दगडांखाली काय काय जगते, याचा कोणी पूर्ण हिशेब केलेला नाही. आम्ही मुलांना नवी जात शोधायला पाठवत नाही. अभयारण्यातून आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय एक किडासुद्धा उचलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पाहायला आणि लिहायला परवानगी लागत नाही. आमच्या शाळेत आता एक जाड वही आहे. त्यात तारीख, जागा, वेळ, पाऊस होता की नाही आणि काय दिसले, एवढेच मुले लिहितात. नाव माहीत नसेल तर चित्र काढतात. कोणाच्या अब्बांच्या मोबाइलमध्ये फोटो निघाला तर तो जपून ठेवतात. पुण्याच्या आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, हेही आता मुलांना माहीत आहे. उद्या यांतला एखादा तिथे कामाला लागला तर वहीचे चीज झाले म्हणू.

वहीचा एक फायदा लगेच दिसला. सदरीवाले कधी येतात ते मुलांच्या लक्षात आले. चांगला पाऊस पडून एक-दोन दिवस उघडीप मिळाली, हवा दमट असली, की त्या संध्याकाळी ते ट्यूबलाइटवर जास्त. त्या दिवशी मुली ओट्याऐवजी आत, जाळी लावलेल्या खिडकीच्या खोलीत अभ्यासाला बसतात.

घरी एवढे करा

वाचक भगिनींसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगून ठेवतो. असा किडा अंगावर दिसला तर त्याला मारू नका, चोळू नका. फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन बाहेर टाका. चुकून चिरडला गेलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने ती जागा धुवा. त्या हाताने डोळे चोळू नका. कपडेही धुवायला टाका. आग होत असेल तर थंड पाण्याची घडी ठेवा. फोड फोडू नका. काव, चुना, टूथपेस्ट, राख काही लावू नका. त्याने जखम चिघळते. मेडिकलमधून मनाने मलम आणू नका, डॉक्टरांना विचारा. डोळ्याजवळ लागले, ताप आला किंवा फोड पसरत गेले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. साधारण एक ते तीन आठवड्यांत हे बरे होते, काळसर डाग काही दिवस राहून विरून जातो. झोपण्याआधी अंथरूण, उशी, टॉवेल झटका. नमाज पढण्याआधी जानमाज झटकायची आपली सवय आहेच, तीच इथेही लावा. रात्री विनाकारण दिवे जळत ठेवू नका, पांढऱ्या ट्यूबऐवजी ओट्यावर पिवळा दिवा लावा. आणि किड्यांच्या भीतीने घरभर विषारी फवारे मारू नका. त्याने किड्यांइतकाच त्रास आपल्या लेकरांना होतो.

त्या मुलीच्या मानेवरचा डाग आता दिसतही नाही. परवा पुन्हा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या घरातला एक लहान मुलगा दंडावर लाल पट्टा घेऊन रडत आला. आम्ही काही बोलायच्या आत दादी उठल्या, मुलाचा हात धरून नळाखाली साबणाने धुवू लागल्या आणि त्याच्या आईला म्हणाल्या, "मकडी-वकडी कुछ नहीं बेटा, सदरीवाला है. काव मत लगाओ, डॉक्टर को दिखाओ."